गाळातील नोंदवही : जीवाणूंची रंगद्रव्ये आणि स्थिर समस्थानिके काय सांगतात?

पावसाळ्याच्या उत्तरार्धात दोन-चार दिवस आभाळ भरून राहते, वारा पडतो आणि एखाद्या गावतळ्यातील मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडी टाकू लागतात. उजाडेपर्यंत काठाशी मेलेल्या माशांचा खच पडलेला असतो. त्यानंतर गावात वाद सुरू होतो. कोणी वरच्या शेतांतून आलेल्या खताच्या पाण्याला दोष देतो, कोणी गावाच्या सांडपाण्याला, कोणी गोठ्यांच्या निचऱ्याला. एखादा वृद्ध सांगतो की हे तळे पूर्वीपासूनच असे आहे. पाण्याचा नमुना घेण्यासाठी कोणी पोहोचेपर्यंत वारा सुटलेला असतो, पाण्यात प्राणवायू पुन्हा मिसळलेला असतो आणि तपासणीचा अहवाल ‘सर्व काही ठीक’ असा येतो.

पाणी त्या रात्रीची खूण टिकवून ठेवत नाही. तळाचा गाळ मात्र ती टिकवू शकतो. तळ्यात कोणते सूक्ष्मजीव राहत होते आणि ते कोणत्या अन्नद्रव्यांवर जगत होते, याची नोंद गाळाच्या थरांत वर्षानुवर्षे साठत जाते. ही नोंद दोन लिपींत असते : प्रकाशसंश्लेषी जीवाणूंची रंगद्रव्ये ही पहिली लिपी आणि कर्ब व नत्र यांची स्थिर समस्थानिके ही दुसरी. यांपैकी एकच वाचणाऱ्याची फसगत होण्याचा संभव असतो.

प्राणवायू न सोडणारे प्रकाशसंश्लेषण

हिरवी वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साह्याने पाण्याचे विघटन करते आणि प्राणवायू बाहेर टाकते. नील-हरित शेवाळ म्हणून ओळखले जाणारे सायनोबॅक्टेरिया हेच करतात. परंतु प्रकाशसंश्लेषणाचा याहून जुना एक मार्ग आहे. जांभळे आणि हिरवे गंधकी जीवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू वापरतात. त्यांच्या प्रकाशसंश्लेषणातून प्राणवायू निघत नाही. गंधक किंवा सल्फेट तयार होते.

हा वायू तळाशी तयार होतो. पाण्यात सेंद्रिय पदार्थांचा भार वाढला की त्यांच्या कुजण्यात प्राणवायू संपतो. त्यानंतर सल्फेटवर श्वसन करणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड निर्माण करतात. त्याचा लोहाशी संयोग होऊन आयर्न सल्फाइड बनते आणि गाळ काळा पडतो. तळ ढवळल्यावर येणारा वास व काळा गाळ ही खूण मत्स्यशेतकऱ्यांना चांगली परिचित आहे.

गंधकी प्रकाशसंश्लेषी जीवाणूंना एकाच ठिकाणी दोन गोष्टी लागतात : वरून येणारा प्रकाश आणि खालून येणारा सल्फाइड. म्हणून ते या दोन्हींच्या सीमेवर पातळ थर करून राहतात. स्वित्झर्लंडमधील कादान्यो या सुमारे २१ मीटर खोल सरोवरात १० ते १३ मीटरच्या दरम्यान असा थर आढळतो आणि तेथील पाणी गुलाबी दिसते. त्या थरात क्रोमॅटियम ओकेनाय हा जांभळा गंधकी जीवाणू मोठ्या संख्येने असतो. हिरवे गंधकी जीवाणू त्याहून कमी प्रकाशात तग धरतात. काळ्या समुद्रात ते सुमारे १०० मीटर खोलीपर्यंत सापडले आहेत.

गाळातील नोंदीचे मोल यामुळेच आहे. एखाद्या थरात या जीवाणूंची खूण सापडली, तर ‘त्या काळी प्राणवायूरहित, सल्फाइडयुक्त पाणी प्रकाश पोहोचेल इतक्या वर आले होते’ असे विधान करता येते. माशांच्या दृष्टीने याचा अर्थ उघड आहे : त्यांना राहण्याजोगे पाणी केवळ वरच्या थरापुरते उरले होते.

पहिली लिपी : रंगद्रव्ये

प्रकाशसंश्लेषी जीवांच्या प्रत्येक गटाचा रंगद्रव्यांचा संच वेगळा असतो. वनस्पती व सायनोबॅक्टेरिया यांच्यात क्लोरोफिल-ए असते. गंधकी जीवाणूंत बॅक्टेरिओक्लोरोफिल असते आणि ते डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही शोषते. कॅरोटिनॉइड वर्गातील रंगद्रव्ये ओळख अधिक पक्की करतात. ओकेनोन हे जांभळ्या गंधकी जीवाणूंचे, क्लोरोबॅक्टीन हे हिरव्या रंगाच्या हिरव्या गंधकी जीवाणूंचे आणि आयसोरेनिएरेटीन हे त्यांच्याच तपकिरी जातींचे लक्षण मानले जाते. एकिनेनोन व मिक्सोझँथोफिल सायनोबॅक्टेरियांकडे, अ‍ॅलोझँथिन क्रिप्टोफाइट शैवालांकडे, तर डायाटोझँथिन मुख्यतः डायाटमकडे बोट दाखवते. प्रयोगशाळेत ही द्रव्ये गाळातून विद्रावकाने काढून एचपीएलसी यंत्रावर वेगळी केली जातात आणि मोजली जातात.

रंगद्रव्ये नाजूक असतात. पालेभाजीत चिंचेचा कोळ पडला की तिचा हिरवा रंग मळकट होतो. आम्लामुळे क्लोरोफिलच्या केंद्रातील मॅग्नेशियमचा अणू निघून जातो आणि फिओफायटिन तयार होते. गाळातही हाच बदल घडतो. प्रकाश, उष्णता आणि प्राणवायू हे रंगद्रव्यांचे शत्रू आहेत. अंधार, गारवा आणि प्राणवायूचा अभाव लाभल्यास ती दीर्घकाळ टिकतात. त्यामुळे ज्या तळात ही नोंद लिहिली जाते, तोच तळ तिचे रक्षणही करतो.

ही नोंद किती काळ टिकू शकते, याची उदाहरणे थक्क करणारी आहेत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांनी १९३४ च्या सुमारास खनिज तेलात पॉर्फिरिन ओळखले. क्लोरोफिलच्या सांगाड्याशी असलेल्या त्याच्या नात्यामुळे खनिज तेल जीवांपासून बनले, या मताला बळ मिळाले. पुढे २००५ मध्ये उत्तर ऑस्ट्रेलियातील १६४ कोटी वर्षे जुन्या बार्नी क्रीक खडकांत ओकेनेन सापडल्याचे ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ओकेनेन हा ओकेनोनचाच हायड्रोजनयुक्त अवशेष. रंग गेला, पण कर्बाचा सांगाडा राहिला आणि त्यावरून त्या प्राचीन समुद्रातील जांभळे जीवाणू ओळखता आले.

दुसरी लिपी : स्थिर समस्थानिके

कर्बाचे बहुतेक अणू १२ वस्तुमानाचे असतात, सुमारे १.१ टक्के अणू १३ वस्तुमानाचे. नत्रात १४ वस्तुमानाच्या अणूंसोबत सुमारे ०.३७ टक्के १५ वस्तुमानाचे अणू असतात. हे जड अणू किरणोत्सारी नसतात आणि काळानुसार बदलत नाहीत, म्हणून त्यांना स्थिर समस्थानिके म्हणतात. जड-हलक्याचे प्रमाण ठरावीक मानकाशी ताडून दर हजारी फरकाने सांगतात. हेच ‘डेल्टा मूल्य’.

हा फरक कसा पडतो, हे खळ्यावरील उफणणीवरून समजते. वाऱ्यात धान्य सोडले की हलका भाग दूर जातो आणि भारी दाणा जवळ पडतो. जैवरासायनिक क्रियांतही हलका अणू थोडा अधिक सहज उचलला जातो आणि भारी अणू मागे राहतो. प्रत्येक क्रियेची उफणणी वेगळी, म्हणून प्रत्येक क्रियेचा ठसाही वेगळा. भात, गहू, कपाशी यांसारख्या सी-३ पिकांचे कर्बमूल्य साधारण उणे २७ च्या आसपास असते, तर मका, ज्वारी, ऊस या सी-४ पिकांचे उणे १३ च्या आसपास.

कीटकशास्त्राने या फरकाचा चांगला उपयोग करून घेतला आहे. अमेरिकेतील हेलिकोव्हर्पा झिया या किडीच्या पतंगांवरील एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पतंगांच्या पंखांतील कर्बावरून त्यांच्या अळ्या सी-३ वनस्पतींवर वाढल्या की सी-४ वनस्पतींवर, हे ठरवण्यात आले. कपाशीच्या भागात पकडलेले बरेच पतंग प्रत्यक्षात मक्यासारख्या सी-४ पिकावर वाढलेले होते. बीटी कपाशीसाठी आश्रय पिकाचा विचार करताना ही माहिती मोलाची ठरली. पतंगाला लहानपणी काय खाल्ले हे विचारता येत नाही; त्याच्या पंखातील कर्ब ते सांगतो.

गाळातील जीवाणूंबाबत हाच न्याय लागू पडतो. वनस्पती, सायनोबॅक्टेरिया आणि जांभळे गंधकी जीवाणू कॅल्विन चक्राने कर्ब स्थिर करतात. त्यात जड कर्बाला मोठ्या प्रमाणात मागे टाकले जाते. हिरवे गंधकी जीवाणू उलट्या सायट्रिक आम्ल चक्राचा वापर करतात; त्यात जड कर्ब तुलनेने कमी मागे राहतो. म्हणून त्यांच्या रंगद्रव्यांचा कर्ब शेजारच्या शैवालांच्या कर्बापेक्षा जड असतो. गाळात किंवा खडकात आयसोरेनिएरेटीनचा अवशेष सापडला आणि त्याचा कर्बही जड निघाला, तर तो हिरव्या गंधकी जीवाणूंचाच, याची खातरी वाढते.

नत्राची कथा शेतीला अधिक जवळची आहे. हवेतील नत्राचे डेल्टा मूल्य शून्य धरले जाते. युरिया हवेतील नत्रापासून बनतो, म्हणून त्याचे मूल्यही शून्याच्या जवळपास असते. शेणखत व सांडपाणी यांतून हलका नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो आणि उरलेला नत्र जड होतो. त्यातून येणाऱ्या नायट्रेटचे मूल्य अनेकदा अधिक १० किंवा त्याहून वर जाते. प्राणवायूच्या अभावी होणाऱ्या विनत्रीकरणातही हलका नत्र आधी निघून जातो.

दोन साक्षी का हव्यात?

भातखाचराचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. भातखाचरातील नील-हरित शेवाळ हवेतील नत्र स्थिर करते, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले. पुढे नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत या शेवाळाच्या जैविक खतावर दीर्घकाळ काम झाले. आता भातखाचरांच्या खालच्या अंगाला असलेल्या तळ्यातील गाळाचे नत्रमूल्य शून्याजवळ आले, तर त्याचा अर्थ काय लावावा? तो नत्र युरियाचा असू शकतो आणि शेवाळाने हवेतून घेतलेलाही असू शकतो. दोघांचा मूळ स्रोत हवाच. त्यामुळे आकडा सारखाच.

येथे रंगद्रव्ये पुढची पायरी दाखवतात. त्याच थरात सायनोबॅक्टेरियांची रंगद्रव्ये वाढलेली नसतील, तर शेवाळाच्या बाजूने पुरावा दुबळा ठरतो. ती वाढलेली असली, तरीही घाई करता येत नाही. मायक्रोसिस्टिससारखे तळी हिरवीगार करणारे सायनोबॅक्टेरिया हवेतील नत्र स्थिर करत नाहीत, ते आयत्या नत्रावरच फोफावतात. अशा वेळी खताच्या वापराच्या नोंदी आणि पाण्याच्या तपासण्याही सोबत ठेवाव्या लागतात.

दोन्ही लिपी एकत्र वाचल्याचे ठळक उदाहरण २०१८ मध्ये समोर आले. पश्चिम आफ्रिकेतील मॉरिटानियाच्या ११० कोटी वर्षे जुन्या सागरी खडकांतून संशोधकांनी पॉर्फिरिन वेगळे केले; त्यांचा गुलाबी रंग अजून शाबूत होता. पण ती कोणाची, हे केवळ रंगद्रव्यावरून ठरत नव्हते, कारण क्लोरोफिल शैवालांतही असते आणि सायनोबॅक्टेरियांतही. शैवालांत क्लोरोफिलमधील नत्र पेशीतील एकूण नत्रापेक्षा हलका असतो. सायनोबॅक्टेरियांत तो तसा हलका नसतो. पॉर्फिरिनमधील नत्र आणि खडकातील एकूण नत्र यांची तुलना केल्यावर सायनोबॅक्टेरियांचे प्राबल्य स्पष्ट झाले.

लोणारचा धडा

महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर या विषयात दोन इशारे देते. बेसाल्ट खडकात उल्कापाताने बनलेल्या या विवरातील पाणी खारे व अतिशय अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले आणि तर्कवितर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे आढळले. ते जांभळे गंधकी जीवाणू नव्हते. किंबहुना हॅलोआर्किया हे जीवाणूंच्या गटातच मोडत नाहीत. कादान्योचे पाणीही गुलाबी आणि लोणारचेही गुलाबी, पण कर्ते निराळे आणि अर्थही निराळा. पाण्याचा रंग पाहून निष्कर्ष काढू नये, हा पहिला इशारा.

दुसरा इशारा नत्राचा. लोणारच्या अलीकडच्या गाळातील नत्र समस्थानिके आणि तळाच्या पाण्यातील प्राणवायूचा अभाव यांच्या संबंधावर २०१३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. विवराच्या आत पूर्वी शेती होत असे आणि गावाचे पाणीही तिकडे वाहते. अशा ठिकाणी जड नत्र दिसला की शेणखत किंवा सांडपाण्याकडे बोट दाखवण्याचा मोह होतो. पण अल्कधर्मी पाण्यातून अमोनिया उडून जाताना हलका नत्र निघून जातो आणि प्राणवायूरहित तळाशी विनत्रीकरणानेही नत्र जड होतो. म्हणजे बाहेरून एक थेंबही सांडपाणी आले नाही, तरी नत्र जड होण्यास पाण्याचे स्वतःचे रसायनशास्त्र पुरेसे असते. पीएच व प्राणवायू मोजल्याशिवाय नत्रमूल्याच्या आधारे कोणा शेतकऱ्यावर किंवा वस्तीवर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल.

गाळ उपसण्याआधी

तलावातील गाळ काढून शेतात पसरवणे ही चांगली प्रथा आहे. महाराष्ट्रातील ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ आणि तेलंगणातील ‘मिशन काकतीय’ या योजनांनी तिला गती दिली. साठवण वाढते आणि हलक्या जमिनीला सुपीक थर मिळतो. मात्र यंत्राचा पहिला फावडा पडताच थरांचा क्रम मोडतो आणि अनेक वर्षांची नोंद कायमची पुसली जाते. म्हणून ज्या तलावात मासे मरण्याच्या किंवा पाणी हिरवे होण्याच्या तक्रारी वारंवार येतात, तेथे उपसा सुरू होण्यापूर्वी गाळाचा एक उभा नमुना घेऊन ठेवणे हिताचे ठरेल.

प्रत्येक तलाव मात्र यासाठी योग्य नसतो. दर उन्हाळ्यात कोरडा पडणाऱ्या पाझर तलावात गाळाला भेगा पडतात, ऊन व हवा आत शिरते आणि रंगद्रव्ये नष्ट होतात. जनावरे डुंबतात त्या काठाचा गाळही ढवळलेला असतो. बारमाही पाणी असलेल्या तलावाचा सर्वांत खोल, अविचल भाग निवडावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील बाबी सांभाळल्यास संशोधन संस्थेला पाठवलेला नमुना उपयोगी ठरतो :

• पारदर्शक नळी गाळात सरळ उभी दाबून, वरचे तोंड बंद करून नमुना काढावा. खोऱ्याने उचललेल्या गाळात थर राहत नाहीत.

• नळीवर ‘वर’ व ‘खाली’ अशा खुणा, तारीख, पाण्याची खोली आणि ठिकाण लगेच लिहावे.

• नमुना काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवावा. मृदा परीक्षणाच्या सवयीने तो उन्हात वाळवू नये; रंगद्रव्ये काही तासांत खराब होऊ लागतात.

• त्याच दिवशी पाण्याचा पीएच आणि पृष्ठभाग व तळ येथील विरघळलेला प्राणवायू मोजावा. प्राणवायूचे मोजमाप पहाटे केल्यास खरी स्थिती कळते.

• पाणलोटातील पिके, खतांच्या मात्रा व वेळा, गोठे आणि सांडपाण्याची तोंडे यांची नोंद सोबत जोडावी.

थरांचे वय शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकावरून ठरवता येते. त्याचा अर्धायुकाल सुमारे २२ वर्षे आहे. वातावरणातील अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास सर्वाधिक साचलेला सीझियम-१३७ ही आणखी एक खूण. त्यामुळे पाणी बिघडण्याची सुरुवात साधारण कोणत्या दशकात झाली, हे सांगता येते. एखाद्या तलावात ती सुरुवात नळपाणी योजनेनंतर सांडपाणी वाढल्यापासून दिसेल, दुसऱ्यात दुबार पिकापासून, तर तिसऱ्यात तळाशी सल्फाइड पिढ्यान्‌पिढ्या असल्याचे आढळेल. उपाय त्यानुसार बदलतात. पहिल्या ठिकाणी शोषखड्डे व सांडपाणी प्रक्रिया, दुसऱ्या ठिकाणी युरियाची विभागून मात्रा, बांधबंदिस्ती आणि ओढ्याकाठी गवताचा पट्टा, तर तिसऱ्या ठिकाणी मत्स्यबीजाची घनता कमी ठेवून पहाटेच्या वेळी वायुवीजन.

बाटलीतले तळे

हा विषय गावात समजावून देण्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांची जुनी पद्धत शेतीशाळेत सहज करता येते. दोन लिटरच्या पारदर्शक बाटलीत तळ्यातील काळा गाळ घ्यावा. त्यात बारीक केलेला कागद किंवा भाताचा पेंढा आणि चमचाभर जिप्सम मिसळावे. वर तळ्याचेच पाणी ओतावे, तोंड सैल झाकावे आणि बाटली खिडकीजवळ, पण थेट उन्हापासून दूर ठेवावी. सहा ते आठ आठवड्यांत गाळ काळा पडतो आणि बाटलीच्या काचेलगत हिरवे व जांभळे पट्टे उमटू लागतात. वरच्या भागात सायनोबॅक्टेरियांची हिरवी साय दिसते.

शेजारी दुसरी बाटली ठेवून तिच्यात पेंढा व जिप्सम न घालता केवळ गाळ आणि पाणी ठेवावे. दोन्ही बाटल्यांतील फरक सर्वांना दिसतो : सेंद्रिय पदार्थ व सल्फेट यांची भर पडली की काळा थर वाढतो आणि प्राणवायूचा थर आकसतो. तलावात हेच घडते, फक्त तेथे काच नसते. माशांच्या मृत्यूवरून एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या गावकऱ्यांनी या दोन बाटल्या एकत्र बसून पाहिल्या, तर गाळाचा नमुना घेण्यास संमती मिळवणे सोपे जाईल. नमुना एका हंगामात घेता येतो. उपसलेला गाळ शेतात पसरल्यानंतर मात्र तो प्रश्न पुन्हा विचारण्याची सोय उरत नाही.